ती घाईने का निघाली? (३१ मे, मरियाभेटीचा सण)

आजचं वाचन: लूक १:३९-५६



मे महिना संपला. घरोघरी फिरणारी रोझरी, शेजारच्या आजीचं न चुकता अर्धा तास लांबणारं गाणं, शेवटी मिळणारा चणे-खोबऱ्याचा प्रसाद, सगळं आज आवरतं. आणि आवरतं ते एका प्रवासाच्या सणाने. गेल्या आठवड्यात तुमच्यापैकी दोघांनी विचारलं होतं, "तू अमेरिकेत त्या प्रो-लाइफ वॉकमध्ये चालली होतीस ना? त्यावर कधी लिहीत का नाहीस?" खरं सांगायचं तर टाळत होते. का टाळत होते ते खाली येईलच. पण आजचं वाचन सकाळी मिस्सामध्ये ऐकलं आणि म्हटलं, आता लिहायलाच हवं.

आधी वचन बघू.

गब्रिएल दूताने मरियेला जाता जाता एक बातमी दिली होती: तुझी नातेवाईक एलिझाबेथ, जिला सगळे वांझ म्हणत होते, तिला सहावा महिना लागला आहे (लूक १:३६). एवढंच. "तिच्याकडे जा" असं दूताने कुठेही म्हटलेलं नाही, पुन्हा वाचून बघा. तरी मरिया उठली आणि घाईने डोंगराळ भागाकडे निघाली.

नाझरेथ वर गालीलात, झखरियाचं घर खाली यहुदियाच्या डोंगरात. परंपरेने ते गाव म्हणजे जेरुसलेमजवळचं एन कारेम. वाट कोणती धरता त्यावर अंतर बदलतं, पण सव्वाशे-दीडशे किलोमीटर धरा. म्हणजे मुंबईहून पुणं, पायी. यार्देनच्या खोऱ्यातून गेली असेल तर शेवटी यरीहोपासून जेरुसलेमपर्यंत जवळजवळ हजार मीटरची चढण. चार-पाच दिवस तरी लागले असणार. चित्रांमध्ये ती गाढवावर बसलेली असते, लूक मात्र गाढवाचं नावही घेत नाही. सोबत कोण होतं तेही सांगत नाही. त्याला फक्त ती घाई लक्षात ठेवावीशी वाटली.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण आपण सण साजरा करताना ती साखरेत घोळवून टाकतो. मरिया त्या वेळी स्वतः अडचणीत होती. वाङ्निश्चय झालेला, लग्न व्हायचं, आणि पोटात बाळ. योसेफाला कळल्यावर त्यानेही आधी गुपचूप नातं तोडायचं ठरवलं होतं (मत्तय १:१९), आणि तो तर चांगला माणूस होता! गावातली बाकीची माणसं काय म्हणाली असती, विचार करा. आजच्या भाषेत सांगायचं तर एका किशोरवयीन मुलीची अनप्लॅन्ड प्रेग्नन्सी. ती ज्या दारात जाऊन उभी राहिली, त्या दारातून पहिला शब्द काय आला? "हे काय करून बसलीस?" नाही. "आईला माहितीये का?" नाही. एलिझाबेथने मोठ्याने तिला धन्य म्हटलं, तिच्या पोटातल्या फळाला धन्य म्हटलं.

आणि तिला "माझ्या प्रभूची आई" म्हटलं. "होणारी आई" नाही. गर्भ राहून किती दिवस झाले असतील? प्रवासाचे जेमतेम चार-पाच दिवस आणि वर थोडे. डोळ्यांना दिसणारही नाही एवढा जीव, आणि सहा महिन्यांचा योहान त्याच्यासाठी पोटात उडी मारतो. लूक इथे योहानासाठी जो ग्रीक शब्द वापरतो, ब्रेफॉस, तोच पुढे गोठ्यात कापडात गुंडाळलेल्या येशूसाठी वापरतो (२:१२), आणि लोक येशूकडे आणत असलेल्या तान्ह्या मुलांसाठीही तोच (१८:१५). पोटातलं बाळ आणि मांडीवरचं बाळ, लूककडे दोघांना एकच शब्द. परंपरेने लूकला वैद्य मानलं जातं, त्यामुळे मला ते जरा जास्तच आवडतं.

इतकं सगळं मला चालायला जाण्याआधीच माहीत होतं. पाठ होतं म्हणा ना. आणि तरी मी एकदा नापास झाले होते. ते सांगते, पण आधी तो वॉक.

त्याचं नाव क्रॉसरोड्स. सुरुवात १९९५ साली, ओहायोतल्या स्ट्यूबेनविलच्या फ्रान्सिस्कन युनिव्हर्सिटीतल्या विद्यार्थ्यांकडून. त्याच्या दोन वर्षं आधी, ऑगस्ट १९९३ मध्ये, डेन्व्हरच्या जागतिक युवा दिनाला पोप जॉन पॉल दुसरे यांनी तरुणांना सांगितलं होतं की सुवार्तेची लाज बाळगू नका, तिला घेऊन रस्त्यावर उतरा. काही पोरांनी ते अगदी शब्दशः घेतलं! मे महिन्याच्या उत्तरार्धात पश्चिम किनाऱ्यावरून, सिएटल, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस अशा ठिकाणांहून चमू निघायचे आणि ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला पोहोचायचे. एकेका वाटेचं अंतर पाच हजार किलोमीटरच्या घरात. अंगात टी-शर्ट, त्यावर मोठ्या अक्षरांत प्रो-लाइफ. बहुतेक सगळे कॉलेजच्या वयाचे.

एकाच माणसाने पाच हजार किलोमीटर चालायचं नसतं बरं का. रिले असते. एक गाडी सोबत, एक गट दिवसा चालतो, दुसरा रात्री. चालणाऱ्यांना पुढे सोडायचं, मागच्यांना उचलायचं, असं करत वाट अखंड ठेवायची. शनिवारी कुठल्यातरी शहरात गर्भपात केंद्राबाहेर शांतपणे प्रार्थना, रविवारी चर्चमध्ये मिस्सानंतर लोकांशी बोलायचं, सोमवारी पुन्हा रस्ता. पायी चालताना रोझरी. किती रोझऱ्या होतात ते मोजायचं आम्ही दुसऱ्या दिवशी सोडलं.

मी पूर्ण उन्हाळा चालले नाही, हे आधीच कबूल करते. तिकडे शिकत होते, सुट्टीत सहा दिवस सामील झाले, तेही सपाट भागात. दिवसाला वीस-बावीस किलोमीटर वाट्याला यायचे. दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, क्षितिजापर्यंत. आपल्याकडे वारीत माणूस चालतो तेव्हा गावोगाव लोक पाणी घेऊन उभे असतात, पाय चेपतात, माऊली म्हणतात. इथे कुणी हॉर्न वाजवून अंगठा दाखवायचं, कुणी मधलं बोट. एका ट्रकवाल्याने थांबून गार पाण्याच्या बाटल्यांचा अख्खा खोका दिला आणि एक शब्द न बोलता गेला. दुसऱ्याने चालत्या गाडीतून उरलेलं कोल्ड्रिंक फेकलं. दोन्ही एकाच तासात!

चालण्याच्या टिप्स विचारल्या होत्यात म्हणून: बूट नवे नकोत, महिनाभर वापरलेले हवेत. मोज्यांच्या जास्तीच्या जोड्या ठेवा आणि ओले झाले की लगेच बदला, फोड घामाने येतात. तिकडे गाड्या उजवीकडून चालतात म्हणून पायी माणसाने डावीकडून, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालायचं. चकाकणारं जॅकेट दिवसाही घालायचं. ही मस्करी नाही. २०१२ च्या जुलैमध्ये या वॉकमधला एक विद्यार्थी इंडियानात गाडीच्या धडकेने गेला, अवघा वीस वर्षांचा. चालण्याआधी आम्ही त्याच्यासाठी एक दशक म्हणायचो. माझी आई फोनवर रोज एकच वाक्य म्हणायची, "अगं बाय, प्रार्थना घरी बसून पण ऐकतो तो." तिचंही बरोबरच आहे.

चौथ्या दिवशी एका पेट्रोल पंपावर आम्ही पाणी भरत होतो. पन्नाशीच्या एक बाई गाडीतून उतरल्या, टी-शर्ट वाचला आणि सरळ आमच्याकडे आल्या. मी मनात उत्तरांची तयारी सुरू केली: यिर्मया १:५, स्तोत्र १३९, हृदयाचे ठोके कधी सुरू होतात वगैरे. त्या म्हणाल्या, "मी एकोणीस वर्षांची होते तेव्हा तुमच्यासारखी माणसं बाहेर उभी होती. ओरडत होती. मला घरातून काढलं होतं. रात्री झोपायला जागा आहे का, हे त्यांच्यातल्या एकानेही विचारलं नाही."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच नव्हतं. माझ्यासोबत चालणारी एक मुलगी, माझ्याहून तीन वर्षांनी लहान, ती फक्त म्हणाली, "आय अ‍ॅम सॉरी. तुम्हाला बोलायचंय का?" आणि त्या बाई फुटपाथच्या कडेला बसल्या. अर्धा तास. त्यांनी त्या बाळाला एक नाव ठेवलं होतं, ते कुणाला कधी सांगितलं नव्हतं. आम्हाला सांगितलं. मग उठल्या, आमच्यातलीच एक पाण्याची बाटली घेतली आणि गेल्या.

पुढचे चार किलोमीटर मी रोझरी म्हणू शकले नाही. कारण मला माझी रूममेट आठवत होती.

(हे तिच्या परवानगीने लिहितेय. नाव नाही, शहरही बदलणार नाही कारण सांगणारच नाही.) कॉलेजच्या शेवटच्या वर्षी एका रात्री ती माझ्या कॉटवर येऊन बसली आणि म्हणाली, "दोन महिने झालेत." मुलगा गायब. घरी सांगितलं तर शिक्षण बंद. मी काय केलं माहितीये? मी घाबरले. म्हटलं, "आपण सकाळी बोलू." आणि रात्री दीड वाजता, ती शेजारच्या कॉटवर जागी असताना, मी तिला व्हॉट्सअ‍ॅपवर यिर्मया १:५ पाठवलं. वर एका चिमुकल्या पायांचा फोटो. देव आपल्याला आईच्या पोटात घडवण्याआधीच ओळखतो, हेच त्या वचनात आहे ना? वचन खरं होतं. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर आलं नाही.

सकाळी मी लेक्चरला गेले. चार दिवसांनी ती एकटीच एका दवाखान्यात जाऊन आली. त्यानंतर आम्ही एका खोलीत पाच महिने राहिलो आणि त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. पुढच्या वर्षी मी छातीवर प्रो-लाइफ लिहून अमेरिकेतल्या मक्याच्या शेतांमधून चालत होते. तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यायला इतके दिवस का लागले, ते आता कळलं असेल.

त्या संध्याकाळी मी लूकचा हाच उतारा पुन्हा उघडला, आणि ज्या ओळीवरून मी नेहमी पुढे सरकायचे तिथे अडकले. छप्पन्नावी ओळ. मरियेच्या स्तोत्रानंतर येते म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही: मरिया सुमारे तीन महिने तिच्याजवळ राहिली.

हिशोब करा. एलिझाबेथला सहावा महिना, मरिया राहिली तीन. म्हणजे दिवस भरेपर्यंत. उतारवयातली बाळंतीण, मुका झालेला नवरा, डोंगरावरचं घर, विहिरीवरून पाणी, जात्यावर दळण, सुजलेले पाय. आणि दुसऱ्या बाजूने बघा: मरियेचे पहिले तीन महिने, उलट्यांचे आणि भीतीचे, एलिझाबेथच्या घरात गेले. कोण कोणाची सेवा करत होतं? दोघी एकमेकींची. त्या घरात पोटातल्या दोन्ही बाळांचं स्वागत झालं कारण आधी त्यांच्या आयांचं झालं.

मी दीडशे किलोमीटर सोडा, एका कॉटवरून दुसऱ्या कॉटपर्यंत गेले नव्हते.

मग काय, चालणं व्यर्थ? असं मला वाटत नाही, आणि काही जण असं म्हणतात तेव्हा मी वादही घालते. रस्त्यावर उतरल्याशिवाय ती बाई आम्हाला भेटल्याच नसत्या. टी-शर्टवरचे शब्द खरे आहेत. गर्भातलं लेकरू माणूस आहे हे मी आजही तितक्याच ठामपणे मानते, चर्चची शिकवण मला पटते म्हणून, नुसती शिकवली म्हणून नाही. पण त्याच १९९५ साली, २५ मार्चला, पोपनी इव्हांजेलियुम विते हे परिपत्र काढलं. त्यात गर्भपाताबद्दल अतिशय कडक शब्द आहेत. आणि त्यातच, ९९ व्या परिच्छेदात, ज्या स्त्रियांनी गर्भपात केलाय त्यांच्याशी ते थेट बोलतात: निर्णयामागे किती गोष्टी असतील हे चर्चला ठाऊक आहे, जखम अजून भरली नसेल, पण निराश होऊ नका, पित्याच्या दयेकडे या. आपल्या युवक शिबिरांत पहिला भाग शिकवला जातो. दुसरा मी चोविसाव्या वर्षी स्वतः शोधून वाचला. अमेरिकेत तर १९८४ पासून प्रोजेक्ट रेचल नावाची सेवा अशा आयांसाठी आहे. नाव यिर्मया ३१:१५ मधल्या राहेलवरून, जी मुलांसाठी रडते आणि जिचं सांत्वन होत नाही. पुढची ओळही वाचा, तिथे देव तिला रडं थांबवायला सांगतो कारण आशा आहे.

आता आपल्याकडचं. तो टी-शर्ट जशाच्या तसा इथे चालणार नाही असं माझं मत आहे. आपला कायदा १९७१ चा, २०२१ च्या दुरुस्तीने काही स्त्रियांसाठी मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत गेली. पण आपल्याकडे कितीतरी वेळा "निवड" त्या बाईची नसतेच, सासूची असते, नवऱ्याची असते, "पहिली मुलगी आहे ना" या वाक्याची असते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३. लिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४ चा, म्हणजे तो असताना आकडा खाली गेला. इथे चालायचं तर त्या मुलींसाठीही चालावं लागेल, आणि आपल्या घरातल्या बारशांमध्ये दुसरी मुलगी झाल्यावर जे तोंड वाकडं होतं त्याच्याविरुद्धही. हो, ख्रिस्ती घरातही होतं. मी पाहिलंय.

आणि एलिझाबेथचं घर आपल्याकडे नव्हतं असं नाही. १८६३ साली पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी इथे यावं, गुप्तपणे बाळंत व्हावं, बाळ हवं तर न्यावं, नको तर इथे ठेवावं. त्यांना दोष न देता. काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेच्या मुलाला या दोघांनी १८७४ मध्ये दत्तक घेतलं, तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. ते आपल्या चर्चचे नव्हते आणि त्यांच्या विचारांना ख्रिस्ती ठरवायची मला गरज वाटत नाही. पण मी रात्री दीड वाजता वचन पाठवत होते, आणि त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी दार उघडलं होतं.

हेही माहीत असू द्या, कारण मला तेव्हा माहीत नव्हतं: एखादीला मूल वाढवणं शक्यच नसेल तर ती ते कायदेशीररीत्या बाल कल्याण समितीपुढे सोपवू शकते. नाव गुप्त राहतं, फेरविचाराला साठ दिवस मिळतात. कुणी तुमच्या कॉटवर येऊन बसलं तर हे तरी सांगता येईल. त्याआधी चहा करा. नंतर डॉक्टरकडे सोबत जा, घरी सांगायला सोबत जा. आणि तिने तुमच्या मनासारखं केलं नाही तरी पाचव्या दिवशी तिच्या शेजारी बसा.

वॉकवरून परतल्यावर मी रूममेटला फोन केला. उचलला नाही. मग पत्र लिहिलं, हाताने, वचन न घालता. फक्त त्या रात्रीबद्दल माफी. आठ महिन्यांनी तिचा मेसेज आला: "तू कॉटवरून उठून आली असतीस तरी मी कदाचित तेच केलं असतं. पण एकटीने नसतं केलं."

मी तो स्क्रीनशॉट ठेवलाय. पहिलं वाक्य वाचून अजून पोटात तुटतं, कारण त्या लेकरासाठी मला दुःख आहे आणि ते मी तिच्यापासून लपवत नाही. तिलाही आहे, असं तिने मागच्या नाताळात सांगितलं. आम्ही दोघींनी मिळून त्याच्यासाठी एक मिस्सा ठेवली. ती चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसली होती. मी पुढून उठून तिथे गेले.

आज सणाचा दिवस, म्हणून सकाळी तिला फोन केला. ती शनिवारी वसईला येतेय, पहिल्यांदाच आमच्या घरी. आईने विचारलं, किती दिवस राहणार? मी म्हटलं, विचारलं नाही. आई म्हणाली, "मग कालवण जास्तच करते."